फेहेरहातच्या अठरा कुप्या

१

फ्रीझरच्या पांढऱ्या वाफेत हात घालून कॉर्नेल वादासनी पुठ्ठ्याचा खोका बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला.

"मोजा," ते म्हणाले. "छत्तीस आहेत. छत्तीसच असायला हव्यात. आणि यातल्या अठरांमध्ये नुसतं पाणी आहे."

एतेल्का बोझोकींनी मोजल्या नाहीत. एक कुपी उचलून उजेडात धरली. आत बर्फाचा पांढुरका गोळा, वर लेबल, निळं बूच. दुसरी उचलली. तिच्यातही तसाच गोळा. डोळ्यांना फरक कळत नव्हता.

एतेल्काबाई त्रेसष्ट वर्षांच्या. पशुवैद्यक विद्यापीठात तीस वर्षं जनावरांची संप्रेरकं शिकवून निवृत्त झालेल्या. गुडघे कुरकुरत, पण डोकं अजून लख्ख होतं. म्हणूनच फेहेरहातच्या मेंढी-संशोधन केंद्रात घोटाळा झाल्याचं कळताच संशोधन मंडळानं त्यांना फोन केला आणि शुक्रवारी सकाळी त्या तिसा नदी ओलांडून इथं आल्या.

कुप्यांत जे असायला हवं होतं ते एक पेप्टाइड. दहा कड्यांची इवलीशी साखळी. मेंदूतून तिचा एकेक थेंब ठरावीक वेळानं सुटतो आणि खालच्या ग्रंथीला सांगतो, ऋतू आला, उठ. वसंतात मेंढीच्या मेंदूतून तो जवळजवळ सुटतच नाही. ती माजावर येते ती शरदात. केंद्रातल्या पिळदार शिंगांच्या रात्स्का मेंढ्या आता मोजक्याच उरल्या होत्या. बाहेरून हा थेंब देऊन त्यांना वसंतातही जागं करायचं, वर्षातून दोनदा कोकरं मिळवायची, असा बेत होता. वीस मेंढ्यांच्या पाठीवर काड्यापेटीएवढे पंप बांधले. अठरा दिवस प्रयोग चालला. नोंदींप्रमाणे एकही मेंढी माजावर आली नाही.

"म्हणून मी सहज एक कुपी तपासायला दिली," कॉर्नेल म्हणाले. ते केंद्राचे संचालक. अठ्ठावन्न वर्षांचे, उंच, शर्टाच्या कॉलरला सुरकुती खपत नसे. "पाणी. मग सगळ्याच तपासल्या. डेब्रेत्सेन शहरात शरीर कमावणारी पोरं असली औषधं चोरून घेतात. गिऱ्हाइकाला तोटा नाही."

"किल्ली कुणाकडे असते?"

"बोर्बाला कोच्का. प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं आहे. कालच तिला घरी बसवलंय. दुसरी किल्ली माझ्या तिजोरीत. सोमवारी सकाळी नऊला मी पोलिसांत तक्रार देणार, एतेल्काबाई. तुमचा अहवाल सोबत जोडला की काम संपलं."

"माझा अहवाल काय सांगणार, ते तुम्हाला आधीच माहीत आहे वाटतं."

कॉर्नेल ओशाळं हसले.

फ्रीझरच्या दारावर तापमानाचा तक्ता चिकटवला होता. आतला तापमापक बघून रोजचा आकडा लिहायचा. अक्षर बारीक, नेटकं. उणे १९.६. उणे १९.८. उणे २०.१. बाईंची नजर खाली उतरत गेली आणि एका जागी अडखळली. गुड फ्रायडेपासून ईस्टरच्या सोमवारपर्यंत चार दिवस ओळीनं उणे २०. ना कमी, ना जास्त. पुढच्या मंगळवारपासून पुन्हा दशांश.

त्यांनी तक्ता काढून घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

२

बोर्बालाचं घर गावाच्या टोकाला होतं. ती शेहेचाळीस वर्षांची, रुंद खांद्यांची, हात कायम नुकतेच धुतल्यासारखे. बाईंना तिनं स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ठेवली, आणि त्या काही विचारायच्या आत म्हणाली, "लिहून घ्या, बाई. अठरा दिवस किल्ली माझ्या गळ्यात होती. मी कुणालाही दिली नाही."

"मी अजून काही विचारलंच नाही."

"विचारणार तर तेच होतात."

चोरी झालेल्या कपाटाची किल्ली फक्त माझ्याकडे होती, असं कुठला चोर स्वतःहून सांगेल? एतेल्काबाईंनी कॉफीचा घोट घेतला आणि खिडकीतल्या वाडग्याकडे पाहिलं. त्यात लाल नक्षीची रंगवलेली अंडी होती.

"सुंदर आहेत. तुम्ही रंगवलीत?"

"आईनं. सोल्नोकला असते ती. दर ईस्टरला जाते मी. गुरुवारी संध्याकाळी निघते, सोमवारी रात्री परत."

"यंदाही?"

बोर्बालाच्या लक्षात आलं, पण शब्द सुटून गेला होता.

"मग त्या चार दिवसांत तापमान कुणी लिहिलं?" बाईंनी तक्ता टेबलावर पसरला.

"मीच. आल्यावर. अंदाजानं."

"एकोणीस वर्षांत अंदाजानं किती वेळा लिहिलंत?"

बोर्बाला उठली. सिंकमध्ये एकच कप होता, तो तिनं दोनदा धुतला. "मी चोरी केलेली नाही, बाई. त्या कुपीतला एक थेंब मी कधी वाया घालवला नाही. विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. पण किल्लीचं मी सांगितलं तेच लिहा."

"सोमवारी तक्रार गेली की हातात बेड्या पडतील."

"पडू देत."

"अशी हट्टी माणसं स्वतःसाठी नसतात हट्टी," एतेल्काबाई उठत म्हणाल्या. "कुणासाठी तोंड बंद ठेवलंय, ते मला शोधावं लागेल. तुम्ही सांगितलंत तर माझे गुडघे वाचतील."

बोर्बाला पहिल्यांदा किंचित हसली. मग दार उघडून धरलं.

बाहेर पडताना बाईंची दोन गोष्टींबद्दल खात्री झाली होती. ही बाई चोर नव्हती. आणि ती खोटं बोलत होती.

३

पंपांचं काम रेका तिमारकडे होतं. तेहतीस वर्षांची संशोधक, आणि एके काळी एतेल्काबाईंच्याच वर्गातली पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी. शनिवारी सकाळी पंपांच्या खोलीत तिनं बाईंना पाहिलं आणि धावत येऊन मिठीच मारली.

"तुम्ही आलात, बरं झालं. इथं सगळे एकमेकांकडे संशयानं बघतायत."

"तू कशी आहेस? वाळलीस."

"जूनमध्ये करार संपतोय माझा. पुढचं काही ठरलं नाही. झोप कशी लागणार?" तिनं बाईंना खुर्ची दिली, स्वतः टेबलावर बसली, वर्ग सुटल्यावर बसायची तशी. "बोरीताईनं असं करावं, हे पटत नाही हो. पण माणसाच्या घरी काय अडचण असते, आपल्याला काय ठाऊक."

"चोरी तिनंच केली, असं तुलाही वाटतं?"

"मला काय वाटायचंय? किल्ली तिची. पण वीसच्या वीस मेंढ्या गप्प बसल्या, बाई. काहीतरी कारण असणारच ना."

टेबलावर पंप रांगेत मांडले होते, स्वच्छ, कोरडे.

"यांच्या आठवणीत काही असेल? कधी किती थेंब दिला, असं?"

"प्रयोग संपला की मी धुऊन सगळं पुसून टाकते. नेहमीचीच पद्धत. आधी कळलं असतं तर ठेवलं असतं." ती कळवळून बोलली. बाईंनी तिच्या खांद्यावर थोपटलं.

पंपाचा वेग बदलायचं हातातलं यंत्र दोघांकडेच होतं, एक रेकाकडे आणि एक कॉर्नेलकडे. बाई तिथून कॉर्नेलच्या खोलीत गेल्या.

"तुम्ही मेंढवाड्यात शेवटचे कधी गेलात?"

"मी? लोकर नाकाजवळ आली की मला शिंका सुरू होतात. आणि तो लोरिंत्सचा कुत्रा मला बघितलं की दात दाखवतो. माझं काम आकड्यांशी."

"मग आकडेच दाखवा."

त्यांनी आलेख पुढं सरकवला. दहाव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी काढलेल्या रक्तातल्या, ग्रंथीनं सोडलेल्या संप्रेरकाचा. एक रेघ पंपवाल्या वीस मेंढ्यांची, दुसरी तुलनेसाठी मोकळ्या ठेवलेल्या दहांची. मोकळ्यांची रेघ जमिनीलगत अधूनमधून उचकी लागल्यासारखी उठत होती. वसंतात तशी उठतेच. वीस मेंढ्यांची रेघ उठतच नव्हती.

"बघा, काही नाही," कॉर्नेल म्हणाले. "पाणी दिलं, परिणाम शून्य."

"ही रेघ मोकळ्या मेंढ्यांच्याही खाली आहे."

"थोडं इकडं तिकडं चालतंच."

"तिन्ही दिवशी? वीसच्या वीस?" बाईंनी चष्मा काढला. "कॉर्नेल, पाण्यानं मेंढी जागी होणार नाही, कबूल. पण पाण्यानं ती आणखी गाढ झोपायचीही नाही."

कॉर्नेलचं बोट रेघेवरून परत मागं फिरलं.

४

लोरिंत्स सत्तरीचा मेंढपाळ. मेंढवाड्याच्या दारात दोरखंडासारख्या जटांचा त्याचा काळा कुत्रा आडवा पसरला होता. बाई आल्या तशी त्यानं एक डोळा उघडला आणि परत मिटला.

"पास केलं तुम्हाला," लोरिंत्स म्हणाला. "डॉक्टरीणबाई, तुम्ही मेंढ्यांना कधी हात लावलाय, ते त्याला कळतं. साहेबांना नाही करत तो पास."

"लोरिंत्सभाऊ, खरं सांगा. हा प्रयोग तुम्हाला आवडला होता?"

"अजिबात नाही. शरदाचं काम शरदात. पोटात पोर वाढवायची ती मेंढी, आणि घाई कुणाला, तर सरकारला." तो भिंतीला टेकला. "पण मी काही केलं असेल असं वाटत असेल तर सांगतो. मला करायचं असतं तर पट्टेच कापले असते. कुप्याबिप्या मला काय कळतात?"

"मेंढ्या कळतात ना? मग सांगा, या अठरा दिवसांत त्या कशा होत्या?"

लोरिंत्सनं टोपी मागं सारली. "हे मला आजवर कुणी विचारलं नाही बघा."

"मी विचारतेय."

"पहिले चार दिवस पाठीवरच्या डबीतून आवाज यायचा. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग परत टिक. रात्री घड्याळ चालावं तसा. चौथ्या दिवसापासून मेंढ्या बेचैन. कुंपणापाशी जाऊन उभ्या राहायच्या. शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, एडका तर खुळावला. नाक वर, ओठ वळवलेला, दाराला धडका. मी म्हटलं, हरलो आपण. साहेबांनी वसंतात शरद आणला."

"म्हणजे त्या जाग्या होत होत्या."

"होत होत्या म्हणजे? झाल्याच होत्या. मग मंगळवार-बुधवारपर्यंत सगळं थंड. एडका जवळ गेला तर तोंड फिरवायच्या. त्यानंतर एकदाही नाही."

एतेल्काबाईंच्या मनात आलेख हलला. पहिल्या चार दिवसांत कुप्यांतलं औषध खरं होतं. त्या दिवसांचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं.

"आणि तो टिक आवाज? तो तसाच राहिला?"

"छे. तो शुक्रवारीच बंद पडला. त्याच्या जागी गुणगुण. बारीक, माशीसारखी. दिवसरात्र, खंड नाही. मला वाटलं, नव्या तऱ्हेनं चालवतायत." त्यानं बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं? बसता का जरा?"

बाई बसल्या नाहीत. कुप्या कुठं गेल्या, ते आता त्यांना जवळजवळ कळलं होतं. शंभर टक्के खात्री करायला एकच मार्ग होता, आणि त्यासाठी रविवारचा एकच दिवस हाताशी होता.

५

रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजत असताना एतेल्काबाई मेंढवाड्यात सुई घेऊन उभ्या होत्या. खोक्यातल्या खऱ्या ठरलेल्या कुप्यांपैकी एक त्यांनी कॉर्नेलकडून सही करून घेतली होती.

"दोन मेंढ्या द्या. एक पंपवाली, एक मोकळी."

लोरिंत्सनं दोन्ही आणल्या. बाईंनी दोघींचं रक्त काढलं, दोघींना तेवढाच एकेक थेंब टोचला, आणि घड्याळ लावलं. अर्ध्या तासानं पुन्हा रक्त, मग तासानं पुन्हा.

"यातून काय कळणार?" लोरिंत्सनं विचारलं.

"पंपवालीला गुड फ्रायडेपासून नुसतं पाणी मिळालं असेल, तर तिच्यात आणि मोकळीत काही फरक नाही. दोघी सारखंच उत्तर देतील. तिला खरं औषध मिळालं असेल, आणि सलग मिळालं असेल, तर ती उत्तरच देणार नाही."

"औषध मिळाल्यावर तर जास्त पेटायला हवी."

"लोरिंत्सभाऊ, तुम्हाला कुणी अधूनमधून हाक मारली तर तुम्ही ओ देता. दारात उभं राहून कुणी अखंड तुमच्या नावानं ओरडत बसलं तर?"

"कानात बोळे घालीन."

"ग्रंथीही तेच करते. थेंबाथेंबानं दिलं तर जागी होते, सलग धार लावली तर दोन दिवस खवळते आणि मग कान बंद करते. औषध तेच, उलटा परिणाम."

लोरिंत्स बराच वेळ मेंढीच्या शिंगांमध्ये खाजवत राहिला. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि कालपासून टाळलेला प्रश्न विचारला. "थेंबाथेंबानं सहा दिवस पुरणारे पंप सलग धारेला पुरत नाहीत. दोन दिवसांत रिकामे होतात. भरायला कोण यायचं?"

"ती पोरगी. रेका. आधी सहा दिवसांनी येणार म्हणाली होती, पण ईस्टरपासून एक दिवसाआड यायची. खिशात वाळका पाव. मेंढ्या तिच्यामागं धावायच्या. मी म्हटलं, लळा लागलाय पोरीला." त्याचा हात थांबला. "गोड पोरगी आहे हो, डॉक्टरीणबाई."

"माहीत आहे," एतेल्काबाई म्हणाल्या. "माझीच विद्यार्थिनी आहे."

दुपारभर त्या प्रयोगशाळेत एकट्या बसून होत्या. प्रत्येक नमुना त्यांनी दोनदा मोजला. आयुष्यात पहिल्यांदाच आपला अंदाज चुकावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं. दोघींची उत्तरं सारखी यावीत. मग पाणी खरं ठरेल, आणि चोर कुणी दुसराच असेल.

पाच वाजता आकडे आले. मोकळ्या मेंढीचं संप्रेरक अर्ध्या तासात नऊपट चढलं होतं.

पंपवालीचं जिथल्या तिथं होतं.

बाईंनी तिसऱ्यांदा मोजलं. मग दिवा मालवला, खाणावळीत जाऊन मटणाचा रस्सा मागवला आणि तो शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. उद्या ताकद लागणार होती.

६

सोमवारी सकाळी आठ वाजता कॉर्नेलच्या खोलीत पाच माणसं होती. बोर्बालाला केंद्रात यायची बंदी होती. एतेल्काबाई तिला स्वतः गाडीतून घेऊन आल्या. लोरिंत्स टोपी हातात धरून दाराजवळ उभा राहिला. रेका खिडकीपाशी बसली होती.

"नऊला पोलीस," कॉर्नेल म्हणाले.

"तासभर पुष्कळ झाला." बाईंनी दोन मेंढ्यांचे आकडे टेबलावर ठेवले आणि अर्थ समजावला. "तेव्हा अठरा कुप्या कुणी विकल्या नाहीत. त्या कुठंही गेल्या नाहीत. त्या तुमच्याच मेंढ्यांच्या रक्तात आहेत. गुड फ्रायडेला कुणीतरी पंपांची चाल बदलली. थेंबाऐवजी धार. धारेला औषध जास्त लागतं, म्हणून पुढच्या सगळ्या दिवसांचं जादा औषध ईस्टरच्या त्याच चार दिवसांत कुप्यांतून काढून घेतलं. खोक्यातली संख्या कमी दिसू नये, म्हणून रिकाम्या कुप्यांत पाणी भरून परत ठेवल्या."

कॉर्नेल आकड्यांकडे बघत राहिले. "पंपाचं यंत्र माझ्याकडेही आहे. किल्लीही. म्हणजे माझ्यावर..."

"तुमच्यावर आला होता संशय. पण एक दिवसाआड वीस पंप भरायला मेंढवाड्यात जावं लागतं. तुम्ही अठरा दिवसांत एकदाही गेला नाहीत. गेला असतात तर ती गुणगुण तुम्हाला कानांनीच कळली असती, आणि आज आपण इथं बसलो नसतो. हेही अहवालात आहे."

कॉर्नेलनी आकड्यांचा कागद खाली ठेवला.

"राहिली किल्ली. बोर्बाला सोल्नोकला होती. तरी तक्त्यावर चार दिवस उणे वीस लिहिलंय. ज्याला किल्ली दिली त्यानं तापमान बघायचं कबूल केलं होतं, आणि न बघता लिहिलं. बोर्बाला ते नाव सांगायला तयार नाही. कॉर्नेल, ती तुमच्यासाठी तुरुंगात जाईल? लोरिंत्सभाऊंकडे यंत्र नाही. मग उरलं कोण?" बाई वळल्या. "शनिवारी कॉर्नेल मला म्हणाले, परिणाम शून्य. तू म्हणालीस, मेंढ्या गप्प बसल्या. जागं न होणं आणि गप्प बसणं यात फरक असतो, रेका. तो तुला मीच शिकवला होता."

रेकानं नाकारलं नाही. ती सरळ बसली होती, परीक्षेत उत्तर द्यायला बसावं तशी.

"दोनदा प्रस्ताव दिला मी," ती म्हणाली. "भटक्या कुत्र्यांची पैदास कापाकापी न करता थांबवता येते का, ते बघायचं होतं. आधी कुठल्यातरी जनावरावर मांडून दाखवायला हवं होतं. सरांनी पहिलं पान उलटून परत केलं. म्हणाले, आपल्याला कोकरं हवीत. जूननंतर मी कुठं जाणार होते? हातात स्वतःचं असं काहीच नव्हतं. धार थांबली की मेंढ्या पूर्ववत होतात. दहा दिवस लावायची, मग परत थेंब सुरू करायचा, कुणाचं काही बिघडणार नाही, असं ठरवलं होतं. पण आलेख इतका सुरेख उतरत होता, की थांबता आलं नाही. आणि मग सरांनी कुपी तपासली."

"आणि तू मला पुढं केलंस," बोर्बाला म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. "किल्ली मागितलीस तेव्हा म्हणालीस, बोरीताई, तू आईकडे निवांत राहा, फ्रीझर मी बघते. नियम मोडून दिली. साहेबांनी विचारलं तेव्हा तोंड उघडलं नाही. तूच काही केलं असशील असं माझ्या मनातही आलं नाही. म्हटलं, एका किल्लीपायी पोरीचा करार कशाला जायला हवा. मी चोर नाही, माझं होईल काहीतरी. ते सगळं मी गिळलं असतं. पण गुरुवारी संध्याकाळी तू माझ्या घरी आलीस. माझ्या हातचं जेवलीस. दारात माझा हात हातात घेऊन म्हणालीस, धीर धर, बोरीताई. तेव्हा तुला काय वाटत होतं गं?"

रेकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "भीती," ती म्हणाली.

"मलाही वाटत होती," बोर्बाला म्हणाली, आणि तिच्याकडे पाठ करून बसली.

कॉर्नेल खाकरले. "एतेल्काबाई, प्रकरण घरातलंच निघालं. बोर्बालाला परत घेऊ, रेकाचा करार संपतोच आहे. मंडळाला चार ओळी लिहून..."

"चौदा पानं लिहिली आहेत," बाई म्हणाल्या. "सगळीच्या सगळी जातील."

जाताना रेका बाईंपाशी थांबली. "आकडे खरे आहेत, बाई. निदान ते फुकट जाऊ देऊ नका."

"नाही जाणार. अहवालाला जोडलेत, कसे मिळवले त्यासकट. वाचणाऱ्याला दोन्ही कळायला हवं."

रेकानं मान हलवली. दाराशी गेल्यावर तिला काही बोलायचं होतं, पण बोर्बाला वळली नाही, आणि ती निघून गेली.

७

काम संपलं होतं, पण एतेल्काबाई गेल्या नाहीत. मंडळाला त्यांनी एका ओळीचं पत्र पाठवलं: मेंढ्या पूर्ववत होतात, असं पुस्तकात लिहिलं आहे, या वीस मेंढ्यांनी ते मला अजून सांगितलेलं नाही.

बोर्बाला मंगळवारी कामावर आली. तिला घरी बसवल्याची नोटीस जिथं लावली होती, त्याच फळ्यावर कॉर्नेलना स्वतःच्या सहीनं माफीचं पत्र लावावं लागलं. बाईंनी त्याचा मसुदा दोनदा परत पाठवला होता. बोर्बालानं ते वाचलं आणि ती हात धुवायला गेली.

दोन आठवड्यांनी बाईंनी वीसही मेंढ्यांना एकेक थेंब टोचला. लोरिंत्स मेंढ्या धरायचा, बोर्बाला रक्त काढायची, बाई मोजायच्या. त्या दिवशी कॉर्नेलही आले, रुमाल नाकाला लावून, दर मिनिटाला शिंकत. कुत्रा गुरगुरला, पण लोरिंत्सनं त्याला गप्प केलं. एकेक आकडा येत गेला तसा बोर्बाला मोठ्यानं वाचत गेली. चढला. चढला. हाही चढला.

"एकोणीस," संध्याकाळी ती म्हणाली. शेवटची एक तेवढी अजून सपाट होती.

"एकोणीस म्हणजे झालंच की," कॉर्नेल म्हणाले. "तुम्ही आता घरी जायला हरकत नाही, एतेल्काबाई."

"गप्प वीस केल्या होत्या," बाई म्हणाल्या.

बोर्बालानं तोवर पुढच्या सोमवारच्या नळ्यांवर तारीख टाकायला घेतली होती.

विसावी मेंढी पंधरा मे रोजी बोलती झाली. बाईंनी तो आकडा दोनदा मोजला, बोर्बालाकडून तिसऱ्यांदा मोजून घेतला, आणि मगच बॅग भरली.